तुमची इमारत कोणत्या सालच्या नियमात उभी आहे?

बडोद्यात मांडवीहून निघून दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी असं करत स्कूटरने भायलीपर्यंत गेलात, तर तासाभरात तुम्ही इमारतींच्या नियमांच्या चार-पाच पिढ्या ओलांडता. मांडवीजवळचा लाकडी खांबांचा वाडा आजचा एकही नियम जन्मायच्या आधीचा. कारेलीबागेतली सोसायटी १९८५च्या आसपासची असेल, तर तिच्या आरसीसीला तेव्हा एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालत असे. २००० साली आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक सुधारलं आणि किमान दर्जा एम-२० झाला. भायलीतला नवा टॉवर तिसऱ्याच नियमावलीत मंजूर झालेला. तिन्ही इमारती कागदोपत्री निर्दोष असू शकतात, पण भूकंपात किंवा आगीत तिन्हींची टिकण्याची शक्यता सारखी नाही.

'इमारतींचे नियम कडक केले' अशी बातमी वाचली की वाटतं, चला, शहर सुरक्षित झालं. खरं तर नवा नियम लागतो नव्याने मंजुरीला येणाऱ्या नकाशाला. उभी असलेली इमारत ज्या सालच्या नियमात मंजूर झाली, त्या सालातच राहते. आगीचा नियम तेवढा मागे जाऊन जुन्या इमारतींनाही धरतो. बडोद्याचं म्हणून जे काही दुखणं आहे, ते बहुतेक इथून सुरू होतं.

आधी हे नियम येतात कुठून ते पाहू. देशपातळीवर नॅशनल बिल्डिंग कोड आहे. १९७०मध्ये पहिला निघाला, मग १९८३, २००५ आणि २०१६मध्ये सुधारला गेला. भारतीय मानक ब्यूरो तो काढते. जिन्याची रुंदी, दोन जिन्यांमधलं अंतर, पाण्याच्या टाकीची क्षमता, सगळं त्यात आहे. पण हा कोड मुळात शिफारस आहे. जमिनीचा वापर आणि इमारतींचं नियमन ही कामं राज्यांची आणि महापालिकांची. राज्याने आपल्या नियमावलीत कोडचा हवाला दिला, की त्याला दात येतात. गुजरातेत ही नियमावली १९७६च्या नगररचना कायद्याखाली निघते. पूर्वी प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची असे. २०१७पासून सगळ्या राज्याला एकच, तिला सगळे सीजीडीसीआर म्हणतात. मोडणाऱ्यावर कारवाई करायची ती १९४९च्या महापालिका कायद्याने, आणि गंमत अशी की पुणे-नाशिकच्या महापालिका ज्या मुंबई प्रांताच्या जुन्या कायद्यावर चालतात त्याचंच हे गुजराती भावंड. आगीसाठी २०१३चा वेगळा कायदा आहे.

राज्याला नियमावली बदलायची असली की मसुदा राजपत्रात येतो, हरकती-सूचनांसाठी साधारण दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना निघते. हरकती कोण पाठवतं? बिल्डर, आर्किटेक्ट, त्यांच्या संघटना. त्यात गैर काही नाही, ते त्यांचं पोट आहे. पण त्या घरात चाळीस वर्षं राहणाऱ्याची हरकत त्या ढिगात क्वचितच असते, आणि मसुद्याचा कल एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आणि पार्किंगच्या भाषेत अडकतो तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

सुरक्षेचे नियम मात्र या शांत मार्गाने फारसे बदललेले नाहीत. ते बदलले माणसं मेल्यावर.

२६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. भूकंपाचं केंद्र कच्छात, भूजजवळ, तीव्रता ७.७. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब, तरी तिथे सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. पडलेल्यांत तळमजला अधिक चार, म्हणजे जी+४ अशा इमारती पुष्कळ होत्या. त्यांचं एक ठरलेलं रूप होतं: खाली पार्किंगसाठी मोकळा मजला, नुसते कॉलम, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, बऱ्याच ठिकाणी गच्चीवर पाण्याची जड टाकी. जमीन हलली की भिंतींनी घट्ट झालेला वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा डोलतो आणि सगळी वाक खालच्या मोकळ्या कॉलमांवर येते. तिथले कॉलम गेले की वरचं सगळं खाली बसतं.

कॉलम का गेले, हेही समजून घेण्यासारखं आहे. कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांना कवटाळणाऱ्या आडव्या रिंगा. भूकंपात काँक्रीट चिरडून बाहेर पडू नये, हे काम रिंगांचं. त्या बीम-कॉलमच्या सांध्याजवळ दाट हव्यात आणि रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलेली, १३५ अंशांत. साइटवर सोपं पडतं म्हणून टोक काटकोनात वळवलं, तर वरचं काँक्रीट सुटताच रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. एवढ्याशा वळणावर इमारत उभी राहायची की नाही ते ठरतं. १९९३च्या आयएस १३९२० या मानकात हे सगळं लिहिलेलं होतं. पण अहमदाबाद, बडोदं, सुरत ज्यात येतात त्या भूकंप झोन ३मध्ये, साध्या राहत्या इमारतींपैकी पाचपेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतींनाच ते लागू होतं. जी+४ मोजून पहा, बरोबर पाच. मानकं साइटवर पाळली जातात का हे बघणारी यंत्रणाही तेव्हा जवळपास नव्हतीच.

भूकंपानंतर दोन आठवड्यांत राज्याने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं, २००३मध्ये त्याचा कायदा केला. आयएस १८९३ हे भूकंपाचं मानक २००२मध्ये सुधारलं. मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट जोरासाठी डिझाइन करा, असं त्यात आलं. रिंगांचं मानक झोन ३मधल्या सगळ्या आरसीसी इमारतींना लावलं गेलं. शहरांच्या नियमावल्यांत मातीच्या तपासणीचा अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची जबाबदारी नीट शिरली. त्यामुळे बडोद्यात फ्लॅट घेताना मी पहिला प्रश्न विचारीन तो 'किती सालची?' हाच. २००१च्या आधीची आणि खाली मोकळं पार्किंग असलेली इमारत वाईटच असेल असं नाही, पण तिच्यासाठी इंजिनिअरला दोन तास द्यावेत.

आगीची कथा यापेक्षा कडू आहे, कारण तिथे नियम आधीपासून होते. २४ मे २०१९ला सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर क्लासमधली २२ मुलं गेली. लाकडी जिना जळून गेला आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. ऑगस्ट २०२०मध्ये अहमदाबादच्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण गेले. पुढच्या वर्षी रुग्णालयांचे फायर एनओसी (आगीच्या सुरक्षेचे ना-हरकत दाखले) आणि वापर-परवाने तपासले जाऊ लागले तेव्हा राज्य सरकारने जुलै २०२१मध्ये अधिसूचना काढून नियम मोडलेल्या इमारतींवरची कारवाई काही काळ थांबवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग २५ मे २०२४, राजकोटचा गेम झोन, २७ मृत्यू. सुरतेनंतर पाच वर्षं आणि एक दिवस. त्या शेडला महापालिकेने आदल्या वर्षी बेकायदा बांधकामाची नोटीस दिलेली होती, आणि दुसरीकडे तीच शेड नियमित करून घ्यायची खटपटही चालू होती.

आता प्रत्यक्षात इमारतीला परवानगी कशी मिळते ते पाहू. बडोद्यात आपण मराठी लोकही गुजराती शब्दच वापरतो: रजाचिठ्ठी. बांधायची परवानगी. अर्ज ऑनलाइन जातो, त्यासोबत ठरावीक माणसांची नावं द्यावी लागतात: आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइटवर देखरेख करणारा क्लार्क ऑफ वर्क्स, डेव्हलपर. यांना 'ऑन रेकॉर्ड' म्हणतात, म्हणजे पुढे काही झालं तर कागदावर सापडणारी माणसं. महापालिकेचा माणूस नकाशात मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, एफएसआय, पार्किंग, जिने बघतो. सळयांचं गणित तो सहसा पुन्हा सोडवत बसत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीवर चालतं.

लक्ष्मीविलास पॅलेसचा आर्किटेक्ट मेजर मँट याची गोष्ट बडोद्यात कोणाला माहीत नाही? १८७८ला काम सुरू झालं, आणि आपलं गणित चुकलंय, आपण आखलेले राजवाडे कोसळणार, या धास्तीने त्याने १८८१मध्ये जीव दिला असं सांगतात. पुढे चिझमने १८९०मध्ये तो पुरा केला, आणि तो आजही खणखणीत उभा आहे. आजच्या इंजिनिअरने इतकी धास्ती घ्यावी असं कोणी म्हणणार नाही. पण न बघितलेल्या साइटवर सही करणाऱ्यांना त्यातली चिमूटभर द्यायला हरकत नाही.

काम सुरू झालं की टप्प्याटप्प्याने कळवायचं असतं: जोतं झालं, खालचा मजला झाला, मधला, शेवटचा. दरम्यान काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडले जातात. ही क्यूब टेस्ट. फाइलमध्ये तिचे अहवाल असतात, आणि ठोकळे खरंच त्याच स्लॅबच्या मालाचे होते का, हे क्लार्क ऑफ वर्क्सच्या प्रामाणिकपणावर राहतं. सगळं झाल्यावर तपासणी होऊन बीयू मिळते, बिल्डिंग यूज परमिशन, म्हणजे वापरायची परवानगी. महाराष्ट्रातले नातेवाईक जिला ओसी म्हणतात ती हीच.

बीयू नसेल तर इमारत कायद्याच्या नजरेत अजून पुरी झालेलीच नाही. तरी बडोद्यातच नव्हे, गुजरातभर माणसं बीयूशिवाय राहत आलीत, दुकानं चालवत आलीत. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सूचना दिल्या: पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाण्याची कायम जोडणी द्यायची नाही, आणि बँकांनी कर्जही देऊ नये. माझ्या मते शंभर इन्स्पेक्टरांपेक्षा बँकेचा हा एक अडसर जास्त काम करील. बिल्डर नोटिशीला घाबरत नाही, पण गिऱ्हाइकाचं कर्ज अडलं की धावत जाऊन बीयू आणतो.

बीयू मिळाली की पुढे काय? इथे यंत्रणेचा हात सुटतो. आपल्या स्कूटरला ठरावीक मुदतीत पीयूसी काढावी लागते. दोनशे माणसांच्या इमारतीचे कॉलम चाळीस वर्षांत कोणी बघितले नाहीत तरी चालतं. नियमावलीत तपासणीची तरतूद आहे, पण ती मालकाने करून घ्यायची, आणि सोसायटीत मालक म्हणजे कोण, तर वार्षिक सभेला आलेली अकरा माणसं. मुंबईत ३० वर्षांच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावंच लागतं आणि महापालिका त्याचा पाठपुरावा करते. तसा धाक इथे जाणवत नाही.

आणि इमारत तर बीयूनंतरच बदलते. बाल्कनी बंद होते. खालच्या दुकानदाराला शटर रुंद हवं म्हणून भिंत जाते, कधी कॉलमचा कोपरा तासला जातो. तळघरातल्या पार्किंगमध्ये गोडाऊन येतं. गच्चीवर पत्र्याची शेड, तिच्यात क्लास. राहत्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना. जिन्याखाली मीटरची पेटी आणि तिच्याशेजारी जुन्या गाद्या, हे तर घरोघरचं दृश्य. यातल्या प्रत्येक बदलाने मूळ नकाशा थोडाथोडा खोटा होत जातो, आणि फायरवाले येतात ते त्या खोट्या नकाशाचा कागद घेऊन.

महापालिकेच्या हातात काय आहे? बेकायदा बांधकामाला कलम २६०ची नोटीस, उत्तर ऐकून पाडण्याचा हुकूम. फायर एनओसी नसेल तर सील, पाणी-वीज तोडणं. पाडण्याआधी कमीत कमी १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, पाडकामाचं चित्रीकरण हे नोव्हेंबर २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंधनकारक झालं; रस्ता, नदी, तलाव यांवरच्या अतिक्रमणाला ही सवलत नाही. कागदावर हत्यारं पुष्कळ. चालतात मात्र लाटेसारखी. राजकोट झालं की राज्यभर सीलं लागतात, शाळा, हॉटेलं, हॉल बंद. मग लग्नसराई तोंडावर येते, मुलांच्या परीक्षा असतात, प्रतिज्ञापत्र लिहून घेऊन सील उघडतं. त्या प्रतिज्ञापत्राचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी पत्रकार सहा महिन्यांनी जात नाही.

आणि मग इम्पॅक्ट फी. बेकायदा बांधकाम फी भरून नियमित करायचा कायदा गुजरातने २००१मध्ये केला, २०११मध्ये पुन्हा, २०२२मध्ये पुन्हा. शेवटच्या वेळी १ ऑक्टोबर २०२२पर्यंतची बांधकामं धरली. सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही: लाखो घरं पाडता येत नाहीत, आणि कागद नसलेल्या घराला कर्ज नाही, विक्री नाही. पण दहा-दहा वर्षांनी माफी येते हे कळलं, की आजचा नियम मोडणारा पुढच्या माफीच्या हिशेबानेच मोडतो. माझा खरा आक्षेप आणखी पुढचा आहे. मार्जिनमध्ये चार फूट घुसलात, पार्किंग कमी पडलं, तर त्याचं मोल पैशात करता येईल. दोन मजल्यांसाठी घातलेल्या पायावर तिसरा चढवलात तर फी कितीही घ्या, पाया तेवढाच राहतो.

सरकारी शिक्का म्हणजे मजबुती नव्हे, याची बडोद्याला वेगळी आठवण आहे. २८ ऑगस्ट २०१३ला अटलादऱ्यात तीन मजल्यांच्या दोन इमारती पहाटे कोसळल्या, ११ जण गेले. त्या गरिबांसाठी नगरविकास प्राधिकरणानेच बांधलेल्या होत्या. परवानगी देणारा आणि बांधणारा एकच असला की तपासणी कोणी करायची, याचं उत्तर नियमावलीत नीट सापडत नाही. जुलै २०२५मध्ये पादऱ्याजवळचा गंभीरा पूल पडला तेव्हाही हाच प्रश्न वर आला, जरी पुलांचं खातं वेगळं.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. नियमावलीप्रमाणे काठाला बांध नसलेल्या नदीच्या काठापासून ३० मीटर, आणि कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा ओहोळ), नाला, तलावापासून ९ मीटर बांधकाम करायचं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा कांस कुठे कुठे पुरली गेली होती, ते पाण्याने घरोघर जाऊन दाखवलं.

सगळ्यात अवघड मामला जुन्या शहरातला. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी जर्जर घरांना कलम २६४ची नोटीस लागते: दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या. फारच धोका असेल तर कलम २६८खाली घर रिकामं करायला सांगता येतं. दारावर कागद चिकटतो आणि तिथेच राहतो. कारण वाड्यात मालक एक, भाडेकरू सहा, भाडं पन्नास वर्षांपूर्वीचं. मालक दुरुस्ती करत नाही. घर पडलं तर जमीन मोकळी होईल, हे त्याला ठाऊक असतं. भाडेकरू सोडत नाही. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही त्याची भीती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. कोर्टात तारखा पडत असतात. मधल्या काळात माळवदावर ताडपत्री घालून सगळे पावसाळा काढतात. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा आहे: टेकू लावा, भिजलेली माती उतरवा, कुजलेला खांब बदला. कायद्याच्या दृष्टीने तो भाडे नियंत्रणाचा आहे आणि इमारतीच्या सुरक्षेचा नियम कितीही सुधारला तरी त्याला हात लागत नाही. भाडेकरूला परतीच्या हक्काची लेखी हमी मिळेपर्यंत यातल्या बऱ्याच नोटिशी नुसत्या चिकटवण्यापुरत्याच राहणार.

सोसायट्यांची वाट त्या मानाने मोकळी झाली आहे. कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षं झालेल्या इमारतीचा पुनर्विकास ७५ टक्के सभासदांच्या संमतीने करता येतो. पूर्वी एकजण अडून बसला तरी सगळं थांबे. मात्र बिल्डरचा प्रस्ताव येण्याआधी सोसायटीने आपल्या खर्चाने स्ट्रक्चरल अहवाल करून घ्यावा, कारण बिल्डरने आणलेल्या इंजिनिअरला इमारत नेहमीच मोडकळीला आलेली दिसते. नव्या इमारतीत घर घेत असाल तर रेराच्या कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची आहे, तेव्हा गळती आणि भेगांचे फोटो तारखेसह ठेवा. जुनं घेत असाल तर मंजूर नकाशा, रजाचिठ्ठी आणि बीयूची प्रत मागा. विकणारा 'कुठेतरी आहेत' म्हणाला, तर महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी वीस रुपये. नकाशा हातात आला की तो घेऊन तळमजल्यावर उभे राहा आणि कॉलम मोजा.